बहात्तर तासांचं अंडं, मोरीचे कल्ले आणि आपलं स्वरयंत्र

मासा, बेडूक, पाल, कोंबडी आणि माणूस यांचे गर्भ ओळीने मांडलेलं चित्र बहुतेकांनी शाळेत पाहिलेलं असतं. खाली एक वाक्य असतं: सुरुवातीला सगळे सारखे दिसतात, म्हणजे पूर्वज एक. परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतात, पण वाक्य जसंच्या तसं खरं नाही. अगदी सुरुवातीला हे गर्भ सारखे नसतातच, आणि नुसतं दिसणं हा पुरावाही तसा कच्चाच. भक्कम पुरावा बांधणीच्या क्रमात आहे: कुठला अवयव कशातून घडतो, वाटेत कुठे विनाकारण वळसा घेतो, काय बांधून पुन्हा मोडलं जातं. ते पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गावठी अंडं, पावसाळी भातखाचर आणि मासळीबाजार हाताशी असला की निम्मं काम होतं.

आधी अंडं. दुकानातल्या ट्रेमधलं चालत नाही. लेअर फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळे त्या अंड्यात गर्भ धरलेलाच नसतो. ज्या घरच्या कोंबड्यांत कोंबडा फिरतो तिथलं, घातल्यापासून ७ दिवसांच्या आतलं अंडं घ्यावं. ते धुवू नये, फ्रिजमध्ये ठेवू नये, हलवत नेऊ नये. ताज्या फलित अंड्यात बलकावर ३-४ मिलिमीटरचा फिकट ठिपका असतो. ती हजारो पेशींची चकती असते. थंडाव्यात तिची वाढ थांबून राहते, ऊब मिळाली की पुढे चालू होते. म्हणून तर खुडूक कोंबडीखाली निरनिराळ्या दिवशी घातलेली अंडी एकदम ठेवली तरी पिल्लं साधारण एकाच वेळी, २१ व्या दिवशी निघतात.

उबवणी पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० ते ६० टक्के आर्द्रता ठेवायची. अंडं आडवं ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची आणि ते तसंच राहू द्यायचं. आडव्या अंड्यात बलक फिरून गर्भाची बाजू वर येते, मग फोडताना शोधाशोध होत नाही. पूर्ण पिल्लू काढायचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा १८ व्या दिवसापर्यंत अंडं दिवसातून निदान ३ वेळा फिरवावं लागतं, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटून मरतो. मध्ये तासभर वीज गेली तर फारसं बिघडत नाही, वाढ फक्त मागे पडते. जास्त उष्णता मात्र घात करते. ३९.५ अंशांच्या वर पेटी गेली की डोकं, डोळे वेडेवाकडे झालेले गर्भ मिळू लागतात. पहिल्यांदा करणाऱ्यांचे बहुतेक प्रयोग इथेच फसतात: थर्मामीटर पेटीच्या झाकणाला टांगलेला असतो, अंड्यांच्या उंचीवर नाही.

७२ तासांनी अंडं फोडायचं. १ लिटर उकळून निवलेल्या पाण्यात ७ ग्रॅम मीठ घालून ते ३८ अंशांपर्यंत कोमट करायचं, पसरट भांड्यात घ्यायचं. खुणेची बाजू वर ठेवून अंडं खालून तडकवायचं आणि पाण्यात बुडवूनच उघडायचं. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, थंड पाण्यात हृदय थांबतं, म्हणून मीठ आणि ऊब दोन्ही हवं. फिल्टर पेपरची मधून भोक पाडलेली चकती गर्भाभोवती टेकवायची, कडेने बारीक कात्रीने पडदा कापायचा, चकतीसकट गर्भ उचलून दुसऱ्या भांड्यात धुवायचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. शाळेत ३ दिवसांच्या पुढे जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. जे पाहायचं ते तोवर सगळं दिसतं. नंतर हात साबणाने धुवायचे, ते अंडं कुणी खायचं नाही.

दिसतं काय? लाल ठिपक्यासारखं हृदय धडधडत असतं. ते दुसऱ्या दिवशीच सुरू झालेलं असतं. डोकं पुढे वाकलेलं आणि कुशीवर वळलेलं, डोळा शरीराच्या मानाने फार मोठा. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना चौकोनी ठोकळ्यांच्या जोड्या. यांना सोमाइट म्हणतात. यांतूनच पुढे मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू होतात. पंख आणि पाय येणार तिथे बारीक उंचवटे. मागे शेपटी. आणि डोक्याच्या मागे, गळ्याच्या बाजूला, एकाखाली एक तीन जाड पट्ट्या, मधे खाचा. लेखातला बराचसा मजकूर या पट्ट्यांबद्दलच आहे, पण आधी ते ठोकळे मोजून घ्या.

कोंबडीच्या गर्भात साधारण दर ९० मिनिटांनी सोमाइटची एक नवी जोडी तुटून वेगळी होते. ७२ तासांना ३५ ते ४० जोड्या दिसायला हव्यात. २५ च दिसल्या तर समजावं, पेटी थंड चालली होती किंवा अंडं गरम व्हायला वेळ लागला. १९९७ साली कोंबडीच्याच गर्भात असं सापडलं की या पेशींतलं एक जनुक दर ९० मिनिटांनी चालू-बंद होतं, आणि प्रत्येक फेरीला एक ठोकळा कापला जातो. तीच यंत्रणा नंतर मासा, उंदीर, साप यांच्यातही मिळाली. फरक वेगाचा आणि फेऱ्यांचा आहे. झेब्राफिश या छोट्या माशात अर्ध्या तासाला एक जोडी, उंदरात सुमारे दोन तासांना, माणसात सुमारे पाच तासांना. सापात फेऱ्या फार होतात, म्हणून काही सापांना ३०० च्या वर मणके असतात. साप लांब करायला नवीन यंत्र लागलं नाही, जुनंच जास्त फेऱ्या चाललं.

आता त्या पट्ट्या. त्यांना ग्रसनी कमानी म्हणतात. कारवार, गोवा, मालवणकडून येणाऱ्या मासळीत लहान मोरी मिळते, काही जण तिला मुशी म्हणतात. विकणाऱ्याला डोकं तोडू नका म्हणून सांगा. गळ्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच उभ्या चिरा दिसतील. दोन चिरांमधल्या प्रत्येक भागात एक कूर्चेची कमान, एक रक्तवाहिनी, एक चेता (मज्जातंतू) आणि थोडे स्नायू असा संच असतो. मोरीचा जबडा पहिल्या कमानीचा, जबडा कवटीला टांगून धरणारा तुकडा दुसऱ्या कमानीचा, त्यामागच्या कमानी कल्ल्यांच्या.

माणसाच्या गर्भात हाच संच गर्भधारणेपासून चौथ्या आठवड्यात उभा राहतो, तेव्हा गर्भ जेमतेम ४-५ मिलिमीटरचा असतो. प्रत्येक कमानीत तेच चार घटक, त्याच क्रमाने. पण त्यांना कल्ले फुटत नाहीत, माणसाचा गर्भ कधीच कल्ल्यांनी श्वास घेत नाही, आणि खाचा सहसा आरपार उघडतही नाहीत. माशात जे सामान कल्ल्यांकडे जातं ते इथे दुसरीकडे जातं. पहिल्या कमानीतून जबडा, चावण्याचे स्नायू आणि कानातली हातोडी व ऐरण ही दोन हाडं. दुसरीतून कानातलं तिसरं हाड, रिकीब, आणि चेहऱ्यावर हसू-आठ्या आणणारे स्नायू. तिसरीतून जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाचा खालचा भाग. चौथी आणि सहावीतून स्वरयंत्राच्या कूर्चा. पाचवी माणसात टिकत नाही. तरीही पुढची सहावीच मोजतात, कारण तिच्यातली रक्तवाहिनी आणि चेता इतर प्राण्यांच्या सहाव्या कमानीशी जुळते.

कानाच्या हाडांची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. कोंबडीच्या मधल्या कानात एकच हाड असतं, पालीतही एकच. बोकडाच्या मुंडीत मात्र तीन. मुंडी उकडून, जबड्याच्या सांध्यामागचा कानाचा फुगीर भाग अलगद फोडला तर ती सापडतात. उकडताना निसटतात म्हणून पाणी गाळून घ्यावं. ही जास्तीची दोन कुठून आली? १८३७ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायखर्टने गर्भ तपासून सांगितलं की सस्तन प्राण्यांची हातोडी आणि ऐरण ज्या तुकड्यांपासून होतात, त्याच तुकड्यांपासून पाल-कोंबडीत जबड्याचा सांधा होतो. म्हणजे सरड्याची जी हाडं चावताना एकमेकांवर फिरतात, त्यांनी आपण ऐकतो. त्या वेळी हा फक्त गर्भावरून काढलेला तर्क होता. पुढे जीवाश्म मिळत गेले. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गनुकोडॉन या उंदराएवढ्या प्राण्याच्या जबड्यात जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी-शेजारी आहेत. ओपॉसम या पिशवीवाल्या प्राण्याचं पिल्लू तर आजही जन्मतं तेव्हा दूध ओढताना जुन्याच सांध्यावर जबडा हलवतं. त्यातली हाडं कानात जातात ती नंतर. गर्भ पाहून जे सांगितलं ते खडकात सापडावं, याहून चांगली पडताळणी विज्ञानात फार वेळा मिळत नाही.

आता वळसा. स्वरयंत्राला जाणारी एक चेता सहाव्या कमानीची. माशात ती मेंदूतून निघून कमानीच्या रक्तवाहिनीमागून सरळ कल्ल्याकडे जाते, वाट अगदी जवळची. माणसाच्या गर्भातही सुरुवातीला हृदय गळ्यालगतच असतं, तेव्हा तिचीही वाट सरळ असते. मग मान लांबते, हृदय छातीत उतरतं, आणि त्या रक्तवाहिनीखाली अडकलेली चेता सोबत खाली ओढली जाते. डाव्या बाजूची चेता शेवटी मेंदूकडून गळ्यावरून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. बेळगावहून खानापूरला जाताना आधी धारवाड गाठावं तसा हा प्रवास. जिराफात हा वळसा काही मीटरचा होतो. कुणी कोरी पाटी घेऊन आखणी केली असती तर असं केलं नसतं. पूर्वजाच्या गळ्यात जी वाट जवळची होती तीच राहिली, भोवतालचं शरीर तेवढं बदललं.

दवाखान्यात याचा रोज संबंध येतो. आवाज आठवड्यामागून आठवडे बसलेलाच राहिला की डॉक्टर घशासोबत छातीचाही एक्स-रे किंवा स्कॅन सांगतात. पुष्कळांना वाटतं, उगाच खर्च. पण महाधमनीचा फुगा किंवा फुप्फुसातली गाठ छातीत त्या चेतेवर दाब देऊ शकते, आणि लक्षण दिसतं ते आवाजात.

रक्तवाहिन्यांचंही तसंच. गर्भात कमानींच्या धमन्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तयार होतात, मग काही विरतात. चौथ्या कमानीची डावी धमनी माणसात महाधमनीची कमान होते, म्हणून आपली महाधमनी डावीकडे वळते. कोंबडीत उजवी टिकते, डावी जाते. सहावीच्या डाव्या धमनीचा एक तुकडा गर्भात फुप्फुसाकडचं रक्त महाधमनीत वळवत असतो. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत तो बंद व्हायला हवा. तो उघडा राहिला की बाळाच्या छातीत सतत खरखर ऐकू येते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत हे जास्त. काही मुलांच्या मानेच्या बाजूला, खालच्या भागात, टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं आणि त्यातून चिकट पाणी येतं. ती बहुधा दुसऱ्या कमानीमागची न बुजलेली खाच असते. दाबून पिळू नये, जंतू आत जातात. आतली नळी पूर्ण काढावी लागते, अर्धवट काढली तर पुन्हा वाहते.

तर मग शाळेतल्या चित्राचं काय? १८२८ साली गर्भशास्त्रज्ञ कार्ल एर्न्स्ट फॉन बेअरने लिहून ठेवलं की स्पिरिटच्या बाटलीत ठेवलेल्या दोन लहान गर्भांवर चिठ्ठी लावायची राहिली, आणि आता ते पालीचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे त्याला सांगता येईना. त्याचा निष्कर्ष साधा होता: मोठ्या गटाची सामायिक लक्षणं आधी दिसतात, त्या-त्या जातीची खास लक्षणं नंतर. पुढे जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलने यावर कडी केली. गर्भ वाढताना पूर्वजांच्या अवस्था एकेक करून पुन्हा जगतो, असा नियम त्याने १८६६ मध्ये मांडला आणि १८७४ मधल्या चित्रांत सुरुवातीच्या गर्भांतले फरक सरळ पुसून टाकले. आकार एकच केले, काही ठिकाणी अवयवच गाळले. त्याच्या हयातीतच लोकांनी बोट ठेवलं होतं. १९९७ मध्ये मायकल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या गर्भांची छायाचित्रं शेजारी लावून किती गाळलं ते दाखवलं. हेकेलचा नियम वह्यांतून काढून टाकावा. माणसाचा गर्भ कधीच मासा नसतो. तो माशाच्या गर्भाशी काही पायऱ्या वाटून घेतो, एवढंच.

खरं चित्र डमरूसारखं आहे: वर रुंद, मध्ये अरुंद, खाली पुन्हा रुंद. अगदी सुरुवातीला कोंबडीचा गर्भ बलकावरची चपटी चकती, बेडकाचं अख्खं अंडं विभागत जातं, माणसात पोकळ चेंडू होऊन तो गर्भाशयाला चिकटतो. मध्ये, कमानी आणि सोमाइट दिसतात त्या टप्प्यावर, सगळे सर्वांत जवळ येतात. त्यानंतर पुन्हा फाटे फुटतात. मधलाच टप्पा का जपला गेला? कारण त्या वेळी सगळे भाग एकमेकांना निरोप देऊन घडवत असतात. पृष्ठरज्जू (गर्भाच्या पाठीतली लवचिक दांडी) वरच्या पेशींना सांगतो, त्या घडी घालून चेतानलिका होतात, म्हणजे पुढे मेंदू आणि मेरुरज्जू होणारी नळी, ती सोमाइटना सांगते. एका ठिकाणी बदल झाला की चार ठिकाणी बिघडतं आणि गर्भ टिकत नाही. माणसात चेतानलिका गर्भधारणेपासून २८ व्या दिवसाच्या आसपास पूर्ण मिटते. न मिटली तर पाठीच्या कण्यात उघडी जागा राहते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत निम्मी वेळ गेलेली असते, म्हणून फॉलिक अॅसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करायला सांगतात.

बांधून मोडलेल्या गोष्टी थोडक्यात. माणसाच्या गर्भाला पाचव्या आठवड्यात शेपटी असते, आत कच्चे मणकेही. आठव्या आठवड्यापर्यंत ती जिरते आणि उरतं ते माकडहाड. डॉल्फिनच्या गर्भाला मागच्या पायांचे उंचवटे फुटतात आणि विरतात. ज्या देवमाशांना दात नसतात त्यांच्या गर्भात दातांच्या कळ्या येऊन जिरून जातात. अजगराच्या गर्भातही मागच्या पायांची सुरुवात होते, आणि मोठ्या अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन नख्या शिल्लक दिसतात. २०१६ मध्ये उंदराच्या गर्भातलं पाय वाढवणाऱ्या जनुकाचं बटण काढून तिथे अजगराचं बसवलं, तेव्हा उंदराचे पाय खुरटले. त्याच जागी सीलाकँथ या माशाचं बसवलं तर पाय नीट वाढले. माशाला बोटं नाहीत, पण बटण तेच.

जून-जुलैत खानापूरकडच्या भातखाचरात बेडूकमासे वळवळताना दिसतात: कल्ले, शेपटी, पाय नंतर. त्याच तालुक्यात कणकुंबी-चोर्ल्याच्या जंगलात असे झुडपी बेडूक आहेत जे पाण्यात जातच नाहीत. त्यांच्या अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक निघतो, बेडूकमाशाचा टप्पा अंड्यातच आखडून जातो. याच ओल्या मातीत देवगांडूळ राहतं, बिनपायाचा उभयचर. जी देवगांडुळं अंड्यातच पूर्ण वाढतात त्यांच्या गर्भाला अंड्यात पिसांसारखे कल्ले येतात आणि बाहेर पडण्याआधी नाहीसे होतात. उकरून अंडी शोधायला मात्र जाऊ नका. मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते, हुसकली की अंडी सुकतात किंवा बुरशी धरतात.

राहिला बलक. माणसाच्या गर्भाला बलक नसतो, पोषण वारेतून येतं. तरी दुसऱ्या आठवड्यात बलकाची पिशवी तयार होते, रिकामीच. ती टाकाऊ नाही; पहिल्या रक्तपेशी तिच्या भिंतीत बनतात आणि लवकरच्या सोनोग्राफीत डॉक्टर ती आहे ना हे पाहतात. पण बलक भरण्याचं मूळ काम तिला उरलेलं नाही. कोंबडीत बलकाचं प्रथिन बनवणारी तीन जनुकं असतात. २००८ मध्ये माणसाच्या जनुकसंचात त्याच जागा तपासल्या, म्हणजे कोंबडीत शेजारी असलेली जनुकं माणसात जिथे आहेत तिथे. मधे बलकाच्या जनुकांचे मोडके तुकडे मिळाले, आता त्यांतून काही बनत नाही. अंडी घालून वर पिल्लांना दूधही पाजणाऱ्या प्लॅटिपसमध्ये मात्र त्यांतलं एक अजून चालू आहे.